कालव्याकाठची वाट मोटारींना देऊ नका

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, आमच्या गावाजवळून जाणाऱ्या कालव्याच्या काठावरचा चार किलोमीटरचा कच्चा रस्ता डांबरी झाला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मीही पेढा खाल्ला आणि मनापासून खाल्ला. त्या वाटेवर पावसाळ्यात बैलगाडी तुंब्यापर्यंत रुतलेली मी पाहिली आहे. अडलेल्या बाईला खाटेवर घालून चौघांनी चिखलातून उचलून नेलेलंही पाहिलं आहे. रस्ता हवा, याबद्दल गावात कुणाचं दुमत नव्हतं.

होळीपर्यंत हायवेवरची कोंडी चुकवणाऱ्यांना ही वाट सापडली. आधी मोटारसायकली आल्या, मग चारचाकी, मग मुरमाचे डंपर. कालव्याच्या भरावाला दोन जागी भेगा पडल्या. कडेच्या बाभळी गेल्या आणि त्यांच्या जागी प्लॉटिंगचे फलक उभे राहिले. आणि सकाळी पावणेदहाला त्या वाटेनं हायस्कूलला येणाऱ्या दहा-बारा मुलींची सायकलींची रांग एक दिवस बंद झाली. त्यातली एक मुलगी डंपरला वाट द्यायला कडेला गेली आणि सायकलसकट चारीत पडली. हाताचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुली वडापच्या, म्हणजे भाड्यानं माणसं भरून नेणाऱ्या, गाडीत कोंबून येऊ लागल्या. दोघींची शाळाच सुटली, कारण रोजचं भाडं घरच्यांना परवडेना.

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि गेली पंधरा वर्षं सायकल चालवतो. त्या चार किलोमीटरनं मला जे शिकवलं ते मी आता जिथे जाईन तिथे बोलतो. रस्ता चांगला करणं ही एक गोष्ट आणि तो मोटारींच्या हवाली करणं ही दुसरी. आपण या दोन गोष्टी एकच समजून बसलो आहोत. कालव्यांचे काठ, शेतांमधल्या पाणंदी, शिवरस्ते आणि नदीकाठच्या गाडीवाटा हे महाराष्ट्रातलं चालणाऱ्यांचं आणि सायकलवाल्यांचं जाळं आहे. ते नव्यानं बांधायचं नाही, ते आहेच. ते पक्कं करावं, पण आरपार जाणाऱ्या मोटारींना बंद ठेवावं. सरकारनं हे नियमात लिहावं आणि ग्रामसभांनी ठरावात.

जाळं म्हटल्यावर काही जणांना ती अतिशयोक्ती वाटते. त्यांनी जलसंपदा खात्याचा नकाशा उघडून पाहावा. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा हडपसर, दौंडच्या बाजूनं इंदापूरपर्यंत जातो, २०२ किलोमीटर. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि उजवा १३२ किलोमीटरचा. निरेचे दोन, प्रवरेचे दोन, नांदूरमधमेश्वरहून निघणारे गोदावरीचे दोन. या प्रत्येकाच्या काठानं खात्याची जीप जावी म्हणून सेवारस्ता धरलेला असतो. कालव्यातून पाणी आपल्या उतारानं वाहायचं असतं, म्हणून त्याचा उतार किलोमीटरला जेमतेम वीतभर. काठावरच्या रस्त्याला त्यामुळे ना चढ ना घाट. नवशिक्या माणसानं, म्हाताऱ्यानं, शाळकरी पोरानं सायकल चालवावी तर अशा जागी. शिवाय अंतर मोजायला साखळी क्रमांकाचे दगड जागोजागी पुरलेले आहेत. वेगळे फलक लावायची निम्मी मेहनत आधीच वाचलेली आहे.

पाणंदींचं जाळं याहून जुनं आणि याहून दाट. गावनकाशा हातात घेतला तर तुटक रेषांनी काढलेले गाडीमार्ग आणि पायमार्ग दिसतात. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. कागदावर ती आजही तेवढीच आहे. जमिनीवर मात्र दर वर्षी नांगरट करताना कुणी बांध कोरत जातं, नांगराचं एक तास इकडून, एक तास तिकडून, आणि वीस वर्षांत एकवीस फुटांची पाणंद बकरी जाईल एवढी उरते. हे अडवायला कायदा नाही असं नाही. शेतात जायला बांधावरून वाट मिळवून देणारं महसूल संहितेचं कलम १४३ आहे, वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागायला १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारनं शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद ठेवायचे आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त घ्यायची असा निर्णय केला. मला तो फार मोलाचा वाटतो. सातबाऱ्यावर आलेली वाट सहजी मरत नाही.

आता सायकलीकडे येतो, कारण हा विषय माझ्या मनात तिथूनच रुजला. गेल्या काही वर्षांत ‘ग्रॅव्हल’ नावाची सायकल आपल्याकडे आली. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, वाकड्या हँडलची, पण टायर चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद. अमेरिकेत कान्सास राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली ३४ जणांनी खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत लावली, तिथून या प्रकाराला जोर आला. आज त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. पण तिची खरी गंमत शर्यतीत नाही. मोटारींनी भरलेल्या डांबरी रस्त्यांना कंटाळलेले लोक कच्च्या रस्त्यांकडे वळले आणि त्यांना सोसेल अशी सायकल घडत गेली. आपल्याकडे तर माळव्याचे, म्हणजे भाजीपाल्याचे, दोन डाग आणि दुधाचे कॅन लादलेली काळी रोडस्टर या वाटांवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललीच आहे. माझ्या वडिलांची होती. तिला कुणी ग्रॅव्हल म्हटलं नाही एवढंच.

मार्च महिन्यातली एक सकाळ सांगतो. कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ. सहाच्या सुमाराला मी निघतो तेव्हा टायरची हवा अंगठ्यानं दाबून बघतो. डांबरावर कडक लागते, मुरमावर थोडी मऊ बरी. पहिला किलोमीटर चाकाखाली मुरूम करकरतो, नंतर तो आवाज कानाला लागेनासा होतो आणि पाण्याचा ऐकू येऊ लागतो. बारीक सळसळ, मध्येच एखाद्या दारातून चारीत पडणाऱ्या पाण्याचा घोळ. खंड्या तारेवर बसलेला असतो. पलीकडच्या काठावर दोघी जणी धुणं आपटत असतात, आणि त्या आपटण्याचा आवाज हात वर गेल्यावर मागाहून येतो, इतकी शांतता. ऊसतोड संपत आलेली, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर खाली बसलेला, त्याला काकवीचा वास. एस्केपजवळ, म्हणजे जादा पाणी सोडायच्या दारापाशी, पाटकरी सायकल टेकवून दाराची मळसूत्र फिरवत असतो. तो दर खेपेला एकच विचारतो, “आज कुठवर, सर?” मी सांगतो तो साखळी क्रमांक, आणि तेवढ्यावरून त्याला कळतं की किती वाजता परत येणार.

काटे मात्र आहेत. बाभळीचा काटा टायर फोडतो आणि त्याहून वाईट सराटा, जो दिसतच नाही. पंक्चर काढायला बसलं की कुणीतरी हमखास थांबतं, पाण्याची बाटली पुढे करतं, घरची चौकशी करतं. तासाभरात माझ्यापुढून पंधरा माणसं गेली असतील, त्यातल्या बारा जणांशी बोलणं झालं. हायवेच्या कडेला मी तासभर बसलो असतो तर हजारो गाड्या गेल्या असत्या आणि एकही माणूस भेटला नसता. वाटेवर मोटार नसली की माणसं एकमेकांना दिसतात.

आता मुख्य आक्षेप, आणि तो शेतकऱ्याचा आहे. “तुम्ही सायकलवाले सकाळी हवा खायला येणार. माझा ऊस पावसाआधी निघाला नाही तर नुकसान माझं. मला खडीची हौस नाही, मला डांबर पाहिजे.” हे मला माझ्या चुलतभावानं तोंडावर सांगितलं आणि तो बरोबर आहे. कच्चा रस्ता कच्चाच राहावा, म्हणजे शहरातल्यांना निसर्ग दिसेल, असं म्हणणाऱ्या माणसानं आधी एक जुलै महिना काळ्या मातीच्या शिवारात काढावा. माझ्या आजीनं १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडली. आमच्या शिवेवरचा रस्ता तिच्यासारख्या बायकांच्या हातांनी झालेला आहे. तिच्या अंगठ्याजवळ हातोडीचा एक जुना वण शेवटपर्यंत होता. त्या रस्त्याला चिखलात सोडून द्या असं मी म्हणू शकत नाही.

पण डांबराशिवाय बारमाही रस्ता होत नाही, हे खरं नाही. रस्ता मारतं ते साचलेलं पाणी. मधोमध उंचवटा, दोन्ही कडांना उतार, बाजूला चर, ओढ्यावर मोरी, खाली खडीचा थर, वर चांगला मुरूम, पाणी मारून रोलरनं नीट दबाई, आणि दर पावसाळ्यानंतर चर उपसणं. एवढं केलं तर ऊस भरलेला ट्रॅक्टर त्यावरून पावसातही जातो. आपल्याकडे होतं असं की मुरमाचे ढीग टाकून वरवर पसरतात, चर काढतच नाहीत, पहिल्या पावसात सगळं वाहून जातं, आणि मग सगळे म्हणतात, बघा, मुरमात दम नाही, काँक्रीट करा. मुरमाला एकदाही नीट संधी दिलेली नसते. जिथे चढ आहे, जिथे वस्ती आहे, तिथे खुशाल पक्कं करा. मुद्दा पृष्ठभागाचा नाहीच. मुद्दा असा की त्या वाटेनं कोण जातं.

आणि इथे शेतकऱ्याचं आणि सायकलवाल्याचं हित एक आहे. ट्रॅक्टर, बैलगाडी, दुधाची मोटारसायकल, रात्रीच्या विजेच्या पाळीला पंप चालू करायला निघालेला माणूस, हे त्या वाटेचे मालक आहेत. त्यांच्यामुळे कुणाला धोका झाल्याचं मी पाहिलेलं नाही. ट्रॅक्टर मुकाट बारा-पंधराच्या वेगानं जातो आणि चालवणारा ओळखीचा असतो. धोका होतो तो दहा मिनिटं वाचवायला शिरलेल्या परक्या गाडीचा आणि डंपरचा. त्यांनीच भरावाला भेगा पाडल्या, त्यांनीच कडेच्या शेतात धूळ उडवून कांद्याच्या पातीवर थर बसवला. माझ्या चुलतभावाचा कांदा त्यातच होता.

परक्या गाडीला अडवायचं आणि ट्रॅक्टरला नाही, हे जमणार कसं, असं लोक विचारतात, कारण तोंडाशी खांब रोवले तर आधी ट्रॅक्टरच अडतो. म्हणून अडथळा तोंडाशी घालायचाच नाही, मधोमध घालायचा. दोन गावांमधल्या शिवेवर, जिथे दोन्हीकडची शेतं संपतात, तिथे दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये कुलपाची साखळी. दोन्ही गावचे लोक आपापल्या शेतापर्यंत ट्रॅक्टर नेतात, पण आरपार कुणालाच जाता येत नाही. पायी माणूस, सायकल, बैल, बकऱ्या बाजूच्या फटीतून जातात. किल्ली कालवा निरीक्षकाकडे एक आणि पोलीस पाटलाकडे एक, म्हणजे आजारी माणसाची गाडी अडणार नाही आणि हंगामात कारखान्याची वाहतूक हवी तेव्हा साखळी उघडेल. आरपार जाता येत नाही म्हटल्यावर डंपरवाल्याला त्या वाटेत रस उरत नाही. एका साखळीचा खर्च काय, तो सांगायलाही नको. मोटारसायकल फटीतून निघेल हे मला माहीत आहे. निघू द्या. गावची मोटारसायकल अडवून ही वाट लोकांची होणार नाही.

मुलींच्या सायकलींचा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा आहे, आणि सायकलमार्गांच्या चर्चेत तो मला कुठे ऐकू येत नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. चांगली योजना आहे. मुली त्या सायकलींवर खरोखर शाळेत येतात, हे मी इतर तालुक्यांतल्या शिक्षकमित्रांकडून ऐकतो. पण सायकल दिली आणि तिला वाट दिली नाही, तर त्या मुलीला आपण राज्यमार्गाच्या कडेला, ट्रकच्या चाकाशेजारी उभं केलं. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. या आकड्याच्या देशात चौदा वर्षांच्या मुलीला घरातून सायकलवर कोण पाठवेल? आई-बाप घाबरतात आणि सायकल पडवीत उभी राहते, टायर चिरतात, पुढच्या वर्षी भंगारात जाते. शाळेच्या पाच किलोमीटरच्या वर्तुळात पाणंदी किती आहेत, हे गावनकाशावर पट्टी ठेवून मोजावं. मी दहावीच्या मुलांकडून आमच्या शाळेचं मोजून घेतलं. सात वाटा निघाल्या. त्यातल्या तीन चालू आहेत, दोन नांगरल्या गेल्या आहेत, एक उकिरड्यानं बुजली आहे आणि सातवी ती डांबर झालेली.

अशा वाटा सुनसान असतात, बायकांना तिथे सुरक्षित कसं वाटेल, असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण मोटारी बंद म्हणजे माणसं बंद नव्हे. कालव्याकाठी दिवसभर कुणी ना कुणी असतं, पाणी धरणारे, जनावरं राखणारे, धुणं धुणारे. ती वर्दळ मोटारी आल्यावर घटली. आमच्याकडे बायकांनी त्या पट्ट्यातला धुण्याचा घाट सोडला तो डंपरच्या धुळीमुळे.

हा झगडा आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठानं वॉशिंग्टनहून कंबरलँडपर्यंत जाणारा चेसापीक आणि ओहायो कालवा आहे, १८४.५ मैलांचा, म्हणजे जवळपास २९७ किलोमीटर. खेचरांनी ओढलेल्या होड्या त्यातून कोळसा नेत. १९२४ च्या पुरानंतर तो बंद पडला. १९५० च्या दशकात त्याच्या काठानं मोटाररस्ता करायचा बेत निघाला आणि वॉशिंग्टन पोस्टनं १९५४ च्या जानेवारीत अग्रलेख लिहून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आव्हान दिलं, माझ्याबरोबर हा अख्खा काठ चालून बघा आणि मग लिहा. संपादक आले. मार्च महिन्यात कंबरलँडहून मंडळी निघाली, आठ दिवस चालली, आणि शेवटपर्यंत पायी पोचले ते नऊ जण. वृत्तपत्रानं आपली भूमिका बदलली, मोटाररस्त्याचा बेत मागे पडला, १९७१ मध्ये तो सगळा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. ज्या वाटेनं खेचरं चालायची ती माती-खडीची वाट आज सायकलवाल्यांनी गजबजलेली असते. मला त्या गोष्टीतली पद्धत आवडते. न्यायमूर्तींनी वाद घातला नाही, चालायला बोलावलं.

पुण्यात असं चालायला बोलवायची वेळ आली आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी न्यायची योजना आहे. गळती, चोरी, प्रदूषण थांबावं आणि २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालवा फुटून वस्तीत पाणी घुसलं तसं पुन्हा होऊ नये, म्हणून बोगदा गरजेचा आहे, याला माझी हरकत नाही. पण बोगदा झाला की शहराच्या पोटातून जाणारी ही सलग, सपाट, सरकारी मालकीची पट्टी मोकळी होईल. अशी जागा पुण्याला पुन्हा मिळणार नाही. ती रुंद मोटाररस्त्याला द्या असं म्हणणारे पुढे येतील, आणि कोंडीनं गांजलेल्या लोकांना ते पटेलही. म्हणून आजच सांगायला हवं. त्या पट्टीवर झाडं राहू द्या, पायवाट आणि सायकलवाट करा, आणि हडपसरच्या पुढे जिथे कालवा वाहता राहील तिथल्या सेवारस्त्याला ती जोडा. मग पर्वतीच्या पायथ्याशी राहणारा माणूस घरातून सायकलवर निघून एकही हायवे न लागता यवतपर्यंत जाईल. तिथून इंदापूर आहेच.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, ४३७ किलोमीटरची. तिच्यासाठी रस्ते गुळगुळीत केले गेले, लोक कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते, आमच्या शाळेतली पोरं टीव्हीवर बघत होती. मला फार आनंद झाला. त्या आठवड्यात मोटारी थांबवून रस्ता सायकलींना दिला गेला. आठवडा संपला आणि रस्ता पुन्हा मोटारींचा झाला. इटलीत टस्कनी प्रांतात गोष्ट उलट्या बाजूनं सुरू झाली. तिथल्या शेतांमधून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते एकामागून एक डांबरी होत होते. ते वाचावेत म्हणून जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये गायोले या गावी जुन्या सायकलींची एक फेरी काढली, लेरोइका नावाची. पहिल्या वर्षी ९२ जण आले. दहा वर्षांनी त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक शर्यत सुरू झाली, जिला आज सगळं जग ओळखतं. वाट आधी राखली म्हणून शर्यत आली. आपल्याकडे शर्यत आली आहे. आता त्याच उत्साहानं वाटा राखायला हव्यात, आणि त्या ४३७ किलोमीटरवर झालेल्या खर्चाचा अगदी छोटा हिस्साही पाणंदींच्या चरांना पुरेल, असं मला वाटतं.

जंगलाबद्दल मात्र मी हात आखडता घेतो. ग्रॅव्हल सायकलवाल्यांना जंगलातली वाट फार खुणावते, मलाही खुणावते. पण अभयारण्याच्या गाभ्यात सायकल नको, तिथे मुळात आपलं काम नाही. जिथे वनखात्याच्या गाडीवाटा गावांना जोडतात तिथे, खात्याच्या परवानगीनं, दिवसाउजेडी, ठरलेल्या वाटेनं जावं. वणवा अडवायला काढलेल्या जाळरेषांवरून सायकली दामटू नयेत. पावसाळ्यात टेकड्यांच्या उतारावर तर नाहीच, कारण एका चाकोरीतून पाणी वाट काढतं आणि दोन पावसाळ्यांत घळ पडते. जुन्नरकडे उसात बिबटे राहतात, तिथे पहाटे अंधारात निघू नये. हे नियम मान्य नसतील त्यानं कालव्यावर यावं, तिथे मोकळीक आहे.

नदीकाठांचंही असंच. पूररेषेच्या आत काँक्रीट ओतून ‘विकास’ झालेला काठ मला नको. पुरात पाणी वर आलं, ओसरलं, मातीचा थर टाकून गेलं आणि वाट पुन्हा चालू झाली, असा काठ हवा. मुरमाची वाट पुराला अडवत नाही. भीमेच्या काठावर आमच्याकडे वाळूच्या गाड्यांनी ज्या गाडीवाटा उखडल्या, त्या जागी वाट पूर्ववत करून तोंडाशी दगड टाकले तरी नदीचं आणि चालणाऱ्याचं दोघांचं भलं होईल.

जिल्हा परिषदेच्या पातळीवर हे काम फार मोठं नाही. बेल्जियममधल्या लिम्बर्ग प्रांतात ह्यूगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्यानं १९९५ मध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक चौफुलीला क्रमांक दिला. माणसानं घरून निघताना चार क्रमांक कागदावर लिहायचे आणि खांब बघत जायचं, एवढीच ती युक्ती. हे पुढे सगळ्या नेदरलँड्समध्ये पसरलं. आपल्या कालव्याला साखळी क्रमांक आहेतच, पाणंद जिथे कालव्याला मिळते तिथे एक दगड आणि गावाचं नाव लिहिलं की काम झालं. मराठी माणसाला मैलाच्या दगडावरून वाट काढायची सवय आहे. आषाढीला लाखो लोक पायी पंढरपूरला जातात. पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट धरली गेली, कारण पायी माणसाला मोटारीपासून वेगळी जागा लागते हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. वारीतल्या माणसाला जे मान्य केलं ते शाळेतल्या मुलीला आणि दुधाचा कॅन घेऊन निघालेल्या म्हाताऱ्याला मान्य करायला काय हरकत आहे?

गेल्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही तीन मागण्या ठेवल्या. नांगरलेल्या दोन पाणंदींची मोजणी करून त्या खुल्या कराव्यात आणि सातबाऱ्यावर घ्याव्यात. उकिरड्यानं बुजलेली वाट रोजगार हमीतून मोकळी करून चर काढून मुरूम दाबावा. आणि डांबर झालेल्या चार किलोमीटरच्या मधोमध, शिवेवरच्या वडाजवळ, साखळी लावावी. पहिल्या दोन एकमतानं झाल्या. तिसरीवर दीड तास भांडण झालं. प्लॉटिंगवाल्यांची माणसं आली होती, ती बोलली. मग माझा चुलतभाऊ उठला, ज्याला डांबर हवं होतं तोच, आणि म्हणाला, “डांबर राहू द्या. पण माझ्या कांद्यावर धूळ उडवणारी गाडी परगावची आहे. तिला का वाट द्यायची?” हात वर झाले तेव्हा साखळीच्या बाजूनं सतरा जास्त निघाले.

ठरावाची प्रत खात्याकडे गेली आहे. मोजणीदार ऊसतोड संपल्यावर येणार आहे. वडापच्या गाडीतून येणाऱ्या मुलींपैकी तिघींनी मला विचारलं, सर, साखळी कधी लागणार? मी त्यांना सायकलींचे टायर बघून ठेवायला सांगितलं आहे.